चेंडू कुठे गेला, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न : गोल्फचा स्विंग

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट राहून गेली आहे. कोपर कसं वाकतं, डोकं कसं हलतं, गुडघा कुठे जातो, हे सगळं वाचकांनी तपशिलात लिहिलंय. चेंडू कुठून निघाला, कुठे वळला आणि क्लबने (गोल्फच्या काठीने) जमीन नेमकी कुठे खरवडली, हे मात्र दोघा-तिघांनीच कळवलंय. स्विंग सुधारायचा तर सुरुवात चेंडूपासून आणि मातीपासून करायची; शरीराची पाळी त्यानंतर. खालची उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

ड्रायव्हरने मारलेला चेंडू गेलं वर्षभर उजवीकडेच जातोय. हल्ली मी मुद्दाम डावीकडे तोंड करून उभा राहतो, तर आणखीच वळतो. सोबतचे सगळे सांगतात, डोकं खाली ठेव. ठेवतो. फरक शून्य. काय करू?
*— चेंबूर, मुंबई*

डोकं खाली ठेवून स्लाईस, म्हणजे चेंडूचं हे उजवीकडे वळणं, जात नाही. फेस (क्लबच्या डोक्याची चेंडूला लागणारी बाजू) आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाचा जेमतेम दोनहजारावा भाग. तेवढ्या वेळात फेस कुठे बघत होता आणि क्लब कुठून कुठे चालला होता, यावर चेंडूची दिशा आणि वळण ठरतं. तुमचं डोकं वर होतं की खाली, हे चेंडूला कळायला मार्ग नाही.

निघतानाची दिशा बहुतांशी फेस ठरवतो. ड्रायव्हरच्या (लांब पल्ल्याच्या क्लबच्या) बाबतीत ढोबळमानाने 85 टक्के, आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) बाबतीत 75 टक्के. वळण येतं ते फेसची दिशा आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकातून. वाटेच्या मानाने फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघत असेल, तर चेंडू उजवीकडे वळणार. म्हणून तुमचं 'उजवीकडेच जातोय' एवढं अपुरं पडतं. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दहा चेंडू मारा आणि वहीत प्रत्येकापुढे दोन बाण काढा, एक निघतानाचा, एक वळणाचा. डावीकडे निघून उजवीकडे वळत असतील, तर क्लब बाहेरून आत कापत येतोय. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे वळत असतील, तर फेस लक्ष्याच्याही उजवीकडे उघडलेला आहे आणि तो रोग आधी बरा करायचा.

डावीकडे तोंड केल्यावर वळण का वाढतं, तेही यातच आलं. पाय आणि खांदे डावीकडे गेले की वाटही डावीकडे जाते. हात मात्र फेस सवयीने लक्ष्याकडेच धरून ठेवतात. दोहोंतला फरक वाढला, वळण वाढलं.

काही दुरुस्त करण्याआधी आणखी एक तपासणी. पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर घ्या, चेंडूच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा ठिपका काढा, तो भाग फेसकडे येईल असा चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. फेसवर ठसा उमटतो. ठसा हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला असेल, तर फेस सरळ असूनही चेंडू उजवीकडे वळू शकतो. चेंडू मधोमध लागला नाही की धक्क्याने ड्रायव्हरचं डोकं किंचित फिरतं आणि चेंडू त्यामुळे आडवी फिरकी घेतो. पाचपैकी चार ठसे हीलकडे आले, तर दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकून उभे राहा आणि पुन्हा पाच मारून बघा. अर्धा स्लाईस तिथेच गेलेली उदाहरणं कमी नाहीत. आणि हो, ठसा पुसून टाका, नाहीतर पुढचा कुठला ते कळणार नाही.

मग ग्रिप. डाव्या हाताकडे वरून बघा. दोन ते अडीच बोटांचे सांधे दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर ग्रिप 'दुबळी' आहे आणि फेस उघडाच येणार. क्लब तळहातात नको, बोटांत हवा: तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळाशी जाणारी तिरपी रेघ. अंगठा आणि तर्जनी यांच्यात होणारी खाच उजव्या खांद्याकडे बघायला हवी. ग्रिप बदलली की पहिले आठ-दहा दिवस हातात परकी वस्तू धरल्यासारखं वाटतं. तसं वाटलं नाही, तर ग्रिप बदललेलीच नाही.

आता सराव. ड्रायव्हर बॅगेत ठेवा, सात नंबरचं आयर्न काढा. चेंडू बुटक्या टीवर. हात कमरेपर्यंत मागे, कमरेपर्यंत पुढे, बस. मागे जाताना दांडा जमिनीला समांतर झाला की थांबून बघा: फेसची खालची कडा साधारण तुमच्या पाठीच्या कण्याइतकी पुढे कललेली हवी. फेस आभाळाकडे बघत असेल तर तो मागे जातानाच उघडला. चेंडू मारून पुढे दांडा पुन्हा समांतर होतो तिथेही थांबा. क्लबचा टो (डोक्याचं पुढचं टोक) वर असावा, किंचित डावीकडे झुकलेला. तिथेही फेस आभाळाकडे असेल, तर फटक्यात मनगटं वळलीच नाहीत. असे वीस चेंडू. मुद्दाम डावीकडे वळवायचा प्रयत्न करा, अगदी बेशरमपणे. वर्षभर स्लाईस मारणाऱ्याचा चेंडू डावीकडे वळायला लागला, म्हणजे फेस बंद करायला हात शिकले.

वाट सरळ करायची ती त्यानंतरच. हा क्रम उलटा झाला की काय होतं? फेस उघडा ठेवून नुसती वाट सुधारली, तर चेंडू उजवीकडेच निघतो आणि आणखी उजवीकडे जातो. आधी निदान डावीकडून वळून फेअरवेत (मधल्या कापलेल्या गवतात) तरी यायचा. खेळाडू घाबरतो, दोन दिवसांत जुन्या स्विंगवर परततो. स्लाईस वर्षानुवर्षं टिकून राहण्याचं आमच्या मते हेच मोठं कारण आहे.

वाटेसाठी पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली पुरते. ती चेंडूच्या मागे साधारण 25 सेंटिमीटर आणि चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, क्लबचं डोकं मोकळं जाऊन वर दोन-तीन बोटं जागा उरेल, अशी आडवी ठेवा. क्लब बाहेरून आला की बाटली उडते. आधी चेंडूशिवाय पाच स्विंग, मग निम्म्या वेगाने दहा चेंडू. बाटली उडत राहिली तर वेग आणखी कमी करा. बाटली लांब सरकवणं ही फसवणूक आहे.

ड्रायव्हर हातात घेतल्यावर दोन गोष्टी बघा. टीची उंची: क्लब जमिनीवर टेकवला की अर्धा चेंडू त्याच्या माथ्यावर दिसावा. चेंडूची जागा: डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर. तो त्याहून पुढे गेला की त्याच्यापर्यंत पोचायला खांदे डावीकडे उघडतात आणि तुम्ही होतात तिथेच येता. खांदे तपासायला क्लब छातीवर आडवा धरा आणि तो कुठे रोखला जातोय ते बघा. पायांची दिशा सरळ ठेवायला जमिनीवर बांबूची एक सरळ कामटी टाकली तरी भागतं.

पावसाळ्यात माझे आयर्नचे फटके पार बिघडतात. एक फटका चिखलात रुततो, दुसरा चेंडूच्या डोक्यावर बसून सरपटत जातो. रेंजच्या मॅटवर मात्र सगळं छान लागतं.
*— पुणे*

मॅट खोटं बोलते. क्लब चेंडूच्या आठ सेंटिमीटर मागे टेकला, तरी मॅटवर तो घसरत पुढे येतो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. उन्हाळ्यातली कडक जमीनही थोडी अशीच पाठराखण करते. पावसात मऊ झालेली माती ते करत नाही, क्लब तिथल्या तिथे अडकतो. पावसाने तुमचा स्विंग बिघडवला नाही, तो उघडा पाडला.

रुतणारा आणि सरपटणारा, हे फटके एकमेकांच्या उलट वाटतात, पण आहेत सख्खे भाऊ. क्लबच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतोय. तिथे जमीन लागली की रुततो. जमिनीला निसटता लागून क्लब वर यायला लागला की चेंडूचं डोकं लागतं. जमिनीवरच्या आयर्नने आधी चेंडू आणि मग माती लागली पाहिजे. चांगल्या खेळाडूंचा तो खालचा बिंदू चेंडूच्या पुढे, वीतभराच्या निम्म्याएवढा असतो.

घरातली रांगोळी पुडीत बांधून न्या. सरावाच्या जागी, माणसं पाहून आणि विचारून, गवतावर लक्ष्याच्या वाटेला काटकोनात तीन-चार फुटांची पांढरी रेघ ओढा. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा. चेंडू नाही. सात नंबरने तीन-चतुर्थांश स्विंग करा, रेघेच्या कडेने थोडं पुढे सरका, पुन्हा करा. दहा स्विंग झाले की मागे होऊन बघा. गवत उखडलेले डाग रेघेवर सुरू होऊन डावीकडे, लक्ष्याच्या बाजूला गेले असतील तर उत्तम.

इथे डाग वाचता आले पाहिजेत. दहाही डाग रेघेच्या मागे, पण एकाच अंतरावर असतील, तर स्विंग सातत्याचा आहे आणि वजन उजव्या पायावर राहतंय. हा सोपा आजार. डाग कुठेही, काही पुढे, काही मागे, काही उमटलेच नाहीत, असं असेल तर तुम्ही मागे जाताना शरीर उजवीकडे ढकलताय, किंवा वर-खाली होताय. दर वेळी परतीची जागा वेगळी. डाग खोल आणि आखूड असतील, खुरप्याने खणल्यासारखे, तर क्लब फार उभा येतोय, बहुधा खांदे पुरेसे न वळवता नुसत्या हातांनी उचललेला.

पहिल्या आजाराला औषध: चेंडू मधोमध ठेवा, उजवा पाय वीतभर मागे ओढा आणि त्याचं नुसतं बोट टेकवा. वजन आपोआप डाव्या पायावर राहतं. निम्म्या वेगाने दहा चेंडू. पहिले तीन-चार विचित्र लागतील. मग पाय जागेवर आणून तोच डाव्या पायाचा भार आठवत दहा. दुसऱ्या आजाराला: उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेखाली एक जुना चेंडू अर्धवट सरकवा, म्हणजे पाऊल आत कलतं आणि मागे जाताना उजवीकडे सरकायची सोयच राहत नाही, शरीराला वळावंच लागतं.

मॅटवरही हे करता येतं. हातरुमालाहून मोठा पंचा चौपदरी करून चेंडूच्या मागे दहा सेंटिमीटरवर ठेवा. पंचा उडाला, की समजा पावसात चिखल उडाला असता. मॅटवरचा 'ठप्प' आवाजही ऐका. चेंडूआधी आला तर फटका छान वाटला तरी तो छान नाही.

चेंडू वर उडवण्यासाठी मनगटं चमच्यासारखी झटकण्याची सवय फार जणांना असते. सात नंबरच्या फेसला साधारण तीस अंशांचा तिरकेपणा मुळातच आहे. उडवायचं काम तो करतो.

पावसाळ्यातली चार पथ्यं: एक क्लब मोठा घ्या आणि तीन-चतुर्थांश मारा. बूट मातीत बसतात, म्हणून ग्रिप दोन सेंटिमीटर खाली धरा. प्रत्येक फटक्याआधी फेस कोरडा पुसा, कारण फेस आणि चेंडू यांच्यात पाणी आलं की फिरकी कमी होते आणि चेंडू अंदाजापेक्षा पुढे पळतो. आणि नियम वापरा: चेंडू साचलेल्या पाण्यात असेल किंवा उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी दिसत असेल, तर बंकर (वाळूचा खड्डा), पेनल्टी एरिया (पूर्वीचं हझार्ड) आणि ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत) सोडून इतरत्र, पाण्यातून पूर्ण सुटका होईल अशा जवळच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, दंडाशिवाय चेंडू टाकता येतो. 2019 पासून तो गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा. अजूनही हात खांद्याच्या उंचीवर लांब करून टाकणारे दिसतात.

शाळेपासून क्रिकेट खेळलो. गोल्फ सोपा जाईल असं वाटलं होतं, पण माझा डावा कोपर फटक्यानंतर बाहेर वाकतो आणि चेंडूला दमच नसतो. कोच म्हणतात, क्रिकेट विसरा.
*— ठाणे*

क्रिकेट विसरायची गरज नाही, त्यातलं काय न्यायचं आणि काय ड्रेसिंग रूममध्ये ठेवायचं ते कळायला हवं.

आपल्याकडे मैदानावर पहिला धडा मिळतो तो सरळ बॅटीचा: डावा कोपर वर, बॅटचं तोंड गोलंदाजाकडे, फटक्यानंतरही शक्य तितका वेळ तसंच. ड्राइव्हसाठी हे योग्यच, कारण समोरून येणारा चेंडू स्वतःचा वेग घेऊन येतो आणि तुम्हाला चूक करायला कमी जागा हवी असते. गोल्फचा चेंडू मुक्काम ठोकून बसलेला. वेग सगळा तुम्ही द्यायचा, आणि तो क्लबचं डोकं हातांना ओलांडून पुढे गेल्याशिवाय येत नाही. डावा कोपर वर राहिला, की कोपरापासून पुढे दोन्ही हात वळत नाहीत, फेस उघडा राहतो, क्लबचं डोकं मागे रेंगाळतं. कोपर बाहेर वाकणं ही सवय त्या सरळ बॅटीचीच.

दोन व्यायाम. पहिला, हात वेगळे करून: सात नंबर नेहमीसारखा धरा, मग उजवा हात चार बोटं खाली सरकवा, दोन हातांत फट राहील. कमरेपासून कमरेपर्यंत हळू स्विंग करा. चेंडूच्या जागेपुढे उजवा हात डाव्याला ओलांडून वर येताना जाणवेल, डाव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाजू वळेल. वळली नाही तर पुढे जाताना हात एकमेकांत अडकतात. तो अडकाच तुमचा आजचा स्विंग. वीस वेळा, चेंडूशिवाय. मग चेंडू, पण नेहमीच्या ग्रिपने.

दुसरा, काखेत रुमाल: छोटा रुमाल डाव्या काखेत दाबून नऊ नंबरने अर्धे स्विंग. कोपर बाहेर पळाला की रुमाल चेंडूआधी किंवा लगेच पडतो. पुढे हात छातीएवढे वर जाईपर्यंत तो टिकला पाहिजे. पूर्ण स्विंगला हा व्यायाम करू नका. तिथे रुमाल पडायलाच हवा, नाहीतर हात छातीला चिकटून आखडतात.

ग्रिपही बघून घ्या. बॅटीवर दोन्ही हातांच्या खाचा तिच्या पाठीच्या रेषेत येतात. तीच ग्रिप क्लबवर आणली तर ती फार दुबळी होते. दोन्ही खाचा उजव्या खांद्याकडे वळवा.

पायांचं बोलायचं तर वजन पुढे आणणं क्रिकेटरला शिकवावं लागत नाही, ती मोठी जमेची बाजू. पण तो चेंडूच्या टप्प्याकडे जावं तसा पुढे सरकतो. इथे डाव्या पायावर सरकून थांबायचं नाही, त्याच्यावर फिरायचं आहे. डावं पाऊल वीस अंश बाहेर उघडून उभे राहा. फटका संपल्यावर उजव्या बुटाचा तळ पूर्ण मागे दिसावा आणि पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे, किंचित डावीकडे असावं. स्वीप आणि पुलवर जगलेल्यांचं दुखणं उलटं असतं. त्यांचा खालचा हात इतका तयार असतो की चेंडू डावीकडे हुक होतो. त्यांनी डाव्या एकट्या हाताने, वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने), दहा-दहा छोटे फटके मारावेत. जमतील तेव्हाच पुढे जावं.

बदलीमुळे पुणं सुटलं. आता तालुक्याच्या गावी राहतो, कोर्स महिन्यातून एकदाच. घरी किंवा गच्चीवर काही करता येईल का?
*— सांगली जिल्हा*

चेंडू न मारता होणारा सराव बऱ्याचदा जास्त उपयोगी असतो, कारण चेंडू दिसला की माणूस व्यायाम विसरून फटका मारतो. गच्चीवर खरा चेंडू मात्र नको. 46 ग्रॅम वजनाचा तो टणक गोळा शेजारच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सहज जातो.

भिंतीचा व्यायाम रोज पाच मिनिटं करा. भिंतीला पाठ करून उभे राहा, कमरेतून वाका, पार्श्वभाग भिंतीला नुसता टेकवा, हात छातीवर आडवे. मागे वळताना उजवी बाजू भिंतीला घासली पाहिजे. पुढे येताना डावी बाजू भिंतीवर यायला हवी, तीही उजवी सुटण्याआधी. दोन्ही बाजू क्षणभर एकदम टेकलेल्या असतात. बहुतेकांची कंबर डाऊनस्विंगला, म्हणजे क्लब खाली येताना, भिंत सोडून चेंडूकडे जाते. मग हातांना जागा उरत नाही, शरीर ताठ होतं आणि चेंडू हीलला किंवा थेट दांड्याच्या गळ्याला लागून उजवीकडे उडतो. दहा वेळा हातांशिवाय, दहा वेळा हात जोडून. भिंतीवर रेलू नका. भार तळपायाच्या मध्यावरच हवा.

दुसरा सराव लयीचा, आणि तबला ऐकलेल्या कानाला तो लगेच सापडतो. चांगल्या खेळाडूंच्या पूर्ण स्विंगमध्ये मागे जायला लागणारा वेळ खाली येण्याच्या साधारण तिप्पट असतो. पाऊण सेकंद वर, पाव सेकंद खाली, अशा हिशेबात. मनात 'त-कि-ट-धा-मार' म्हणा, पाचही अक्षरगट सारख्या अंतराने. 'त'ला क्लब हलतो, 'धा'ला माथ्यावर, 'मार'ला चेंडू. मेट्रोनोम मिनिटाला 80 ठेवला आणि प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा बसवल्या, तर मात्रा पाव सेकंदाची होते. हे घाईचं वाटलं तर 60 वर आणा. प्रमाण तेच राहतं. नवशिक्याची चूक अशी, की तो मागे हळू, फारच हळू जातो, 'सावकाश खेळ' ऐकून ऐकून, आणि मग वरून खांद्यांनी झटका देतो. मागे जाणं रेंगाळायला नको.

घरात छताखाली पूर्ण क्लब फिरवू नका. पंखा आणि क्लब दोन्ही महाग आहेत.

वय 68. गेल्या दोन वर्षांत ड्रायव्हरचं अंतर खूप घटलं, आणि खेळल्यावर कंबर धरते. जोर वाढवायला कोणता व्यायाम?
*— नागपूर*

कंबर धरते म्हणताय, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. पायात मुंग्या किंवा कळ जात असेल, तर त्यांनी हो म्हणेपर्यंत क्लबला हात नको.

त्यांनी परवानगी दिली की जोर वाढवायच्या भानगडीत न पडता वळायची सोय करा. कंबर घट्ट ठेवून फक्त खांदे वळवायचे, हा सल्ला विशीतल्या शरीरासाठी होता. उजवं पाऊल 25-30 अंश बाहेर उघडा, मागे जाताना डावी टाच खुशाल उचलू द्या, कंबर खांद्यांबरोबर वळू द्या. पुढे येताना आधी ती टाच जमिनीवर ठेवायची, मग हात. टाच ठेवण्याचा तो क्षण हाच तुमचा डाऊनस्विंग सुरू करण्याचा इशारा. शेवटी पाठ कमानीसारखी मागे वाकवून थांबू नका. सरळ उभे राहून संपवा.

एकच व्यायाम सांगतो. ड्रायव्हर उलटा धरा, क्लबच्या डोक्याजवळ, आणि ग्रिपचं टोक हवेत फिरवा. 'सूं' असा आवाज येतो. तो चेंडूच्या जागेच्या पुढे, डाव्या बाजूला ऐकू आला पाहिजे. उजव्या खांद्याजवळ आला तर जोर आधीच सांडला. दिवसातून दहा वेळा, दमायच्या आत थांबायचं.

साडेनऊ-दहा अंशांचा ड्रायव्हर वापरत असाल, तर बारा अंशांचा आणि मऊ दांड्याचा एकदा कुणाकडून मागून घेऊन मारून बघा. कमी वेगाला चेंडू हवेत जास्त वेळ राहायला हवा. अंतराचं दुःख फार करूही नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक लांब मारणाऱ्यांत मोडत नव्हती; तिने तो आठवडा ग्रीनजवळ आणि ग्रीनवर खेळून काढला.

हिवाळ्यात कोर्स बंद, म्हणून गॅरेजमध्ये जाळी लावून मारतो आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून बघतो. कधी माझा क्लब बाहेरून येताना दिसतो, कधी आतून. खरं काय समजू?
*— न्यू जर्सी*

बहुधा स्विंग तोच आहे, मोबाइल हलतोय. मागून चित्रण करताना कॅमेरा हातांच्या उंचीवर, तुमच्यापासून तीन-साडेतीन मीटर मागे आणि हातांमधून लक्ष्याला समांतर जाणाऱ्या रेषेवर हवा. तो तुमच्या पाठीच्या बाजूला सरकला तर क्लब बाहेरून आल्यासारखा दिसतो, चेंडूच्या बाजूला सरकला तर आतून. खुर्ची-स्टूल नको, तिवई घ्या आणि तिच्या पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा. समोरून घेताना कॅमेरा छातीच्या बरोबर समोर.

स्लो मोशन 240 फ्रेमवर लावा. डाऊनस्विंग पाव सेकंदाचा, म्हणजे साठ चित्रं मिळतात. साध्या 30 फ्रेमला सात-आठच, आणि त्यातलं नेमकं हवं ते गळालेलं. गॅरेजमध्ये उजेड कमी असेल तर क्लब धूसर दिसेल, एक जास्तीचा दिवा लावा. जाळीत चेंडूचं वळण कळत नाही, म्हणून पहिल्या उत्तरातला मार्करचा ठिपका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त गरजेचा. एका वेळी एकच गोष्ट बघायला व्हिडिओ काढा. सगळं बघायला बसलात तर सगळंच चुकलेलं दिसतं.

एका वेळी किती चेंडू मारावेत? मी शंभर मारतो.
*— पणजी*

साठ पुरेत. पहिले दहा वेजने, अंग मोकळं करायला. पुढचे पंचवीस एकाच व्यायामाला, दर पाच चेंडूंमागे दोन स्विंग चेंडूशिवाय. उरलेल्या पंचवीसमध्ये प्रत्येक फटक्याला क्लब आणि लक्ष्य बदला: ड्रायव्हर, मग आठ नंबर, मग वेज, तुमच्या कोर्सवरच्या होलच्या क्रमाने. शेवटच्या पंचवीसमध्ये व्यायाम आठवायचा नाही. त्यातले किती ठरवलेल्या दिशेला गेले, तेवढं वहीत लिहा आणि पुढच्या वेळी पत्रात तो आकडा कळवा.